वादक आणि वाहनचालक : एका हेटाळणीचा समाचार

एखाद्या वादकाची तयारी मोठी आहे, पण त्याच्या वादनाने आपण जागचे हललो नाही, हे सांगण्यासाठी मराठी संगीतसमीक्षेकडे एक ठेवणीतला शब्द आहे : 'यांत्रिक'. 'तंत्रावर हुकूमत आहे, परंतु...' हे त्याचे पालुपद. याच मताची घरगुती आवृत्ती चर्चासत्रांच्या मध्यंतरात, चहाचे कप हातात असताना ऐकू येते : "वाद्य वाजवणे म्हणजे काही मोटार चालवणे नव्हे." ऐकणारे माना डोलावतात आणि विषय बदलतो.

हे विधान इतके निरुपद्रवी नाही. मोटार चालवणे म्हणजे बुद्धीला रजा देऊन सवयीने केलेल्या हालचाली, असे त्यात एक गृहीतक आहे. आणि वादनात जे मोलाचे आहे ते हातांच्या हालचालींपलीकडे, कुठल्याशा उंच जागी असते, असे दुसरे. माझ्या मते दोन्ही गृहीतके खोटी आहेत. वाद्य वाजवणे हे मोटार चालवण्यासारखेच आहे, वरवर नव्हे तर अगदी गाभ्यात. तसे म्हटल्याने वादनाचा अपमान होतो असे ज्यांना वाटते, त्यांच्या मनात हातांविषयी एक जुना तिटकारा दडलेला असतो. हा तिटकारा साहित्य शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना बराच महागात पडला आहे, म्हणून हा समाचार.

हार्मोनियमपासून सुरुवात करू, कारण 'यांत्रिक' हा शिक्का तिच्याइतका दुसऱ्या कुठल्या वाद्याने सोसलेला नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती शिथिल व्हायला १९७१ साल उजाडले. आरोप असा की तिचे स्वर कारखान्यातच ठरून येतात, तिच्यात श्रुतींना जागा नाही, मींड घेता येत नाही. आरोप तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहे. पण गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, तुळशीदास बोरकर यांच्या हाताखाली हीच पेटी गाते असे जाणकार म्हणत आले, ते काय सगळे भ्रमात होते? जे वाद्यात नाही ते ऐकू येत असेल तर ते वाजवण्यातून येत असले पाहिजे. बोटे एका पट्टीवरून दुसरीवर सरकताना पहिली नेमकी केव्हा सोडायची, हा त्यातला एक भाग. आणि दुसरा, ज्याकडे श्रोत्यांचे लक्ष क्वचितच जाते, तो म्हणजे भाता. नवशिका लोहाराच्या भात्यासारखा भाता मारतो आणि स्वर हिसके खातात. सरावलेला हात हवेचा दाब कमी-जास्त करत स्वर फुलवतो, विझवतो. उजवा हात काय करणार आहे हे डाव्याला आधीच ठाऊक असल्यासारखे चालते.

आता हेच वर्णन क्लच आणि ॲक्सिलरेटर यांना लावून पाहावे. शिकाऊ चालकाची गाडी हिसके खाते, बंद पडते, चढावर मागे सरकते. क्लच सोडताना एका जागी गाडीला बारीक कंप येतो. ती जागा तळपायाला कळली की गाडी हलते, नाही तर हलत नाही. शिकवणारा ती जागा बोट ठेवून दाखवू शकत नाही. प्रत्येक गाडीत ती थोडी वेगळी असते, आणि त्याच गाडीत क्लचप्लेट झिजत गेली की तीही सरकत जाते. 'हळू सोडा' एवढेच तो सांगतो, आणि एके दिवशी पायाला ते कळते. नेमके काय कळले हे ना शिकणाऱ्याला सांगता येत, ना शिकवणाऱ्याला. पेटी शिकवणारे गुरुजीही यापेक्षा वेगळे काही सांगू शकत नाहीत.

डोळ्यांचेही तसेच. पेटीवरचा नवशिका पट्ट्यांकडे पाहतो, सतारीवरचा पडद्यांकडे, गाडीतला बॉनेटकडे किंवा गिअरच्या दांडीकडे. तिन्ही ठिकाणी पहिला धडा एकच असतो : तिकडे पाहू नका. कानाचे तर विचारूच नये. बहुतेक अनुभवी चालक गिअर बदलताना काट्याकडे पाहत नाहीत; इंजिनाचा स्वर चढत जातो, एका उंचीवर तो ताणला जातो, आणि हात आपोआप दांडीकडे जातो. ह्यूबर्ट आणि स्ट्युअर्ट ड्रायफस या बंधूंनी १९८६ च्या 'माइंड ओव्हर मशीन' या ग्रंथात नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यातला नवशिका चालक वेगाचा आकडा पाहून गिअर बदलतो, आणि पुढच्याच पायरीवर त्याला इंजिनाचा आवाज ऐकू येऊ लागतो. म्हणजे मोटार शिकताना माणसाची पहिली प्रगती होते ती कान तयार होण्यात. 'मोटार चालवणे नव्हे' असे म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी गाडी चालवताना स्वतःच्या कानाकडे लक्ष दिले असेल, याची मला शंका आहे.

या तुलनेला तत्त्वज्ञानातली चांगली वंशावळही आहे. मोरीस मर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९४५ मध्ये 'फेनॉमेनॉलॉजी ऑफ पर्सेप्शन' लिहिताना सवय म्हणजे काय याचा विचार केला आहे, आणि तेथे मोटारचालक व ऑर्गनवादक एकाच ओघात, काही पानांच्या अंतराने येतात. चालक अरुंद जागेतून गाडी घालतो तेव्हा जागेची आणि गाडीची रुंदी ताडून पाहत नाही; गाडीची रुंदी त्याच्या अंगाचीच झालेली असते. ऑर्गनवादकाला अनोळखी ऑर्गनवर बसवले, ज्याची रचना त्याच्या नेहमीच्या वाद्याहून वेगळी आहे, तरी तासाभराच्या सरावानंतर तो कार्यक्रम करू शकतो. एवढ्या वेळात नव्या हालचालींचा संच पाठ करणे अशक्य आहे. तो वाद्याचा आवाका अंगाने घेतो, नव्या घरात राहायला गेल्यासारखा त्यात वस्ती करतो. सवय म्हणजे ठरीव हालचालींची साठवण नव्हे, देहाने समजून घेण्याची ती एक रीत आहे, हे मर्लो-पाँतीचे प्रतिपादन. भाड्याची गाडी घेऊन पाच मिनिटांत रस्त्याला लागणारा चालक आणि गावोगावच्या सभागृहांतली, कधी बरी कधी खिळखिळी पेटी पुढे ओढून साथीला बसणारा वादक यांच्याकडे एकच विद्या आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. सराव पक्का झाला की लक्ष उडते. पुण्याहून निघालेला माणूस साताऱ्याला पोहोचतो आणि मधला खंबाटकी घाट केव्हा गेला हे त्याला आठवत नाही. तसाच एखादा वादक पाठ झालेले तुकडे फेकत राहतो आणि मनात मानधनाचा हिशोब करतो. ही झोपच नव्हे काय?

आहे, झोपच आहे. पण ती दोन्हीकडे आहे, आणि दोन्हीकडे तो दोषच आहे. गिल्बर्ट राइलने १९४९ च्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' मध्ये येथे एक मोलाचा भेद केला. घोकून अंगी बाणवलेली सवय वेगळी आणि शिक्षणाने आलेले कौशल्य वेगळे. सवयीत प्रत्येक कृती आधीच्या कृतीची नक्कल असते. कौशल्यात प्रत्येक कृती आधीच्या कृतीपासून काही शिकून सुधारलेली असते. त्याचे उदाहरण गिर्यारोहकाचे होते. आपण आपल्याकडचे घेऊ. जुलैच्या धुक्यात कुंभार्ली घाट उतरणारा एस.टी.चा चालक. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा नियम त्याला पाठ आहे, तो विचार करून पाळावा लागत नाही. पण समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांचा कोन, ओल्या डांबरावरची चाकांची पकड, वळणापलीकडे दरड आली असण्याची शक्यता, मागे उभे असलेले प्रवासी : या सगळ्याचा निवाडा तो प्रत्येक वळणावर नव्याने करत असतो. गिअर, क्लच, ब्रेक यांच्याकडे लक्ष द्यावे लागत नाही म्हणूनच हे लक्ष त्याच्यापाशी शिल्लक असते. मायकेल पोलान्यी (मूळचा रसायनशास्त्रज्ञ) १९५८ मध्ये पियानोवादकाविषयी हेच सांगत होता. वाजवता वाजवता वादकाने लक्ष रचनेवरून काढून बोटांवर नेले की तो गोंधळतो, कदाचित थांबतोच. बोटे विसरणे ही एकाग्रतेची अट आहे. समीक्षक ज्याला 'यांत्रिक' म्हणतो तो वादक तंत्र जास्त झाल्यामुळे बिघडलेला नसतो. तो घाटात झोपलेला चालक असतो, आणि त्याला तेवढेच म्हणावे. तंत्राला नावे ठेवण्याचे कारण नाही.

मग हा तिटकारा आला कुठून? आमच्या पिढीने साहित्यशास्त्राच्या तासाला त्याचे एक सभ्य रूप पाठ केले आहे. कॉलिंगवूडने १९३८ मध्ये 'द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट' मध्ये कला आणि कारागिरी यांची फारकत केली. कारागिरीत साधन आणि साध्य वेगळे असते, योजना आधी आणि अंमलबजावणी नंतर असते, काय घडवायचे हे कारागिराला आधीच ठाऊक असते. कलेत यातले काही नसते. काही एक तांत्रिक कौशल्याशिवाय कलाकृती होत नाही, हे त्याने मान्य केले आहे, ते मात्र आमच्या वह्यांतून गळून गेले. पण त्याच्या विवेचनाचा शेवट पाहा. खरी संगीतरचना रचनाकाराच्या मनात पूर्ण झालेली असते, आणि मैफलीत ऐकू येणारे नाद हे केवळ ती श्रोत्याने मनात पुन्हा उभी करण्याचे साधन. युरोपात स्वरलिपी लिहून ठेवणारा रचनाकार वेगळा आणि वाजवणारा वेगळा, तेव्हा तिकडे हे एखाद्याला पटूही शकेल. आपल्याकडे ते लावायचे कोणाला? सतारीवर आलाप करणारा वादक मनात पूर्ण झालेल्या कोणत्या रचनेची अंमलबजावणी करत असतो? मींड ओढताना तार बोटाखाली किती ताणली गेली, त्यावर पुढचा स्वर कुठे जाईल हे ठरते. घाटातला चालक तरी योजना आधी आखतो काय? चिपळूण ते कऱ्हाड हे त्याला ठाऊक असते. पुढचे वळण कसे घ्यायचे हे त्या वळणावरच ठरते. कॉलिंगवूडची कारागिराची व्याख्या वादकाला लागू पडत नाही आणि चालकालाही पडत नाही. आपण मात्र ती चालकाला डोळे झाकून लावली आणि वादकाला अर्धवट.

परंतु सगळा दोष परदेशी पुस्तकावर घालणे सोयीचे असले तरी प्रामाणिक नव्हे. महाभारतात शल्याला कर्णाचे सारथ्य करायला सांगितले जाते तेव्हा तो संतापतो. राजाने सूतपुत्राचा रथ हाकायचा हा त्याला अपमान वाटतो. कर्णाला आयुष्यभर बोचणारा शब्दही तोच, सूतपुत्र. आता गंमत अशी की 'सूत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : रथ हाकणारा, आणि आख्याने सांगणारा. धृतराष्ट्राचा सूत संजय युद्धाची कथा सांगतो, आणि सबंध महाभारत आपल्यापर्यंत पोहोचते ते उग्रश्रवा या सूताच्या तोंडून. घोड्यांचे लगाम धरणारा आणि कथेचा ओघ धरणारा यांना आपल्या भाषेने एकच नाव दिले होते. आणि वरच्या वर्णांनी त्या नावाला एकाच पायरीवर, म्हणजे खाली बसवले होते. सनई, संबळ, हलगी वाजवणारे हात कोणत्या समाजांचे होते आणि त्यांना मांडवात कुठे बसवले जाई, हे मराठी वाचकाला सांगायला नको. 'तबलजी' आणि 'ड्रायव्हर' हे दोन्ही शब्द प्रतिष्ठित घरांत किती वर्षे कोणत्या स्वरात उच्चारले गेले, तेही आठवावे. तंत्राची हेटाळणी ही पुष्कळदा तंत्र ज्यांच्या हातात होते त्यांची हेटाळणी असते. सौंदर्यशास्त्राची भाषा तिला नंतर मिळाली.

त्याच महाभारतातले नलोपाख्यान मात्र या तिटकाऱ्यावर जणू आधीच उतारा देऊन ठेवते. रघुनाथपंडितांमुळे मराठी विद्यार्थ्याला नल ठाऊक असतो, पण त्यांचे काव्य स्वयंवराचे. आपल्या कामाचा भाग त्यानंतरचा. विरूप झालेला नल बाहुक या नावाने ऋतुपर्णाचा सारथी होतो आणि त्याला अयोध्येहून विदर्भात कुंडिनपुराला एका दिवसात पोहोचवतो. (हे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातले कौंडण्यपूर, अशी परंपरा आहे.) वाटेत राजाचे उपरणे उडते, तो थांबायला सांगतो, तर ते केव्हाच योजनभर मागे पडलेले असते. रथात नलाचा जुना सारथी वार्ष्णेय बसलेला आहे. त्याला ही हाकणी ओळखीची वाटते, शरीर मात्र ओळखीचे वाटत नाही, आणि तो बुचकळ्यात पडतो. पुढे रथ नगरात शिरतो तेव्हा दमयंती त्याचा नुसता घोष ऐकते आणि हे नलाचेच सारथ्य असे तिचे मन म्हणते. रूप बदलले, नाव बदलले, पण हात ओळखता आला, आणि तोही कानाने. पडद्याआडून दोन आवर्तने ऐकून तबला कोणाचा हे सांगणाऱ्या रसिकाची आणि दमयंतीची जात एकच आहे. सारथ्याला बाज असतो. जे केवळ यांत्रिक आहे त्याला बाज असू शकत नाही.

तुलना कुठे थांबते तेही सांगायला हवे, नाही तर उत्साहात काहीही सिद्ध होते. वाजवताना चुकले तर कोणी मरत नाही. शिवाय चांगला चालक आपले कसब दाखवत नाही. प्रवाशाला झोप लागली हीच त्याला पावती. एकल वादकाचे तसे नाही, त्याच्याकडे लक्ष जायलाच हवे. म्हणून ही तुलना खरी बसते ती साथीदाराला. विलंबित एकतालात ठेका धरून बसलेला तबलजी आठवा. गायक पुढे काय करणार हे त्याला माहीत नाही, लय किंचितही हलता कामा नये, आणि ती हलत नाही हे कोणाच्या लक्षातही येता कामा नये. अर्धा-पाऊण तास तो सगळ्या मैफलीला वाहून नेतो. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात येते : 'तबल्यावर अमुक यांनी समर्पक साथ केली.' गायकाला चार परिच्छेद आणि साथीदाराला एक विशेषण, तेही गेली कित्येक दशके तेच. एस.टी.तून उतरताना चालकाचे नाव विचारणारा प्रवासी जसा विरळा, तसाच साथ नेमकी कशी होती हे लिहिणारा समीक्षक. कारण ते लिहिण्यासाठी हातांविषयी बोलावे लागते, आणि ती भाषा आपण कमावलेली नाही.

"आता तर अमेरिकेत चालकाविना टॅक्सी धावतात, म्हणजे वाहन चालवणे यांत्रिकच ठरले ना?" असेही कोणी विचारील. या न्यायाने वादनाचेही काही खरे नाही. तंबोरा छेडणारी आणि ठेका देणारी इलेक्ट्रॉनिक पेटी आपल्या घराघरांत कित्येक वर्षे आहे, आणि संगणक तर आता पाहिजे ते वाद्य वाजवतो. यंत्राने एखादे काम केले म्हणून माणूस ते करत असताना त्याचे यंत्र होत नाही. आणि ठेक्याच्या पेटीसोबत गाऊन पाहिलेल्या कोणालाही विचारा : ती लय चुकत नाही, पण ती ऐकतही नाही.

आता आपल्या वर्गाकडे. मम्मटाने काव्याचे कारण सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिघांना एकत्र घेतले आणि 'हेतू' हा शब्द मुद्दाम एकवचनी ठेवला : तीन कारणे नव्हेत, तिघे मिळून एक. त्यातला अभ्यास म्हणजे जाणकाराच्या हाताखाली केलेला सराव. राजशेखराने तर कवीचा दिवस प्रहरांत वाटून दिला. आम्ही हे सर्व शिकवतो, त्यावर टिपा लिहायला लावतो, आणि स्वतः मात्र फक्त 'प्रतिभा' या एका शब्दावर जगतो. मराठीत एम.ए. होणाऱ्या विद्यार्थ्याला सहसा दोन वर्षांत एकही ओवी रचावी लागत नाही, एकही शार्दूलविक्रीडित चालवून पाहावे लागत नाही. माधव ज्यूलियनांच्या 'छंदोरचने'चे नाव त्याला माहीत असते. लघु-गुरूंच्या खुणा तो कागदावर बिनचूक करतो. पण यती चुकला तर तो त्याच्या कानाला खटकत नाही, कारण त्याने तो कधी स्वतः सांभाळलेला नसतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली शिकाऊ परवाना प्रश्नांची उत्तरे देऊन मिळतो, पण पक्क्या परवान्यासाठी सर्वसाधारणपणे निदान ३० दिवस थांबून गाडी चालवून दाखवावी लागते. आम्ही शिकाऊ परवान्यावरच पदवी देतो, आणि पुढे त्याच विद्यार्थ्याला परीक्षणे लिहायला बसवतो. मग तो 'रचनेवर पकड आहे, परंतु...' असे लिहितो, यात नवल ते काय?

रचनेचा सराव अभ्यासक्रमात आणावा असे मी अभ्यासमंडळाच्या एका बैठकीत सुचवले तेव्हा उत्तर मिळाले की कविता शिकवून येत नसते. कविता येईल असे मी म्हटलेच नव्हते. क्लच कळल्याने कोणी नल होत नाही. पण ज्याला क्लच कळला आहे त्याला दुसऱ्याची हाकणी ऐकू येऊ लागते, आणि विद्यार्थ्यांकडून आपल्याला हवे असते ते एवढेच. दुसरा प्रश्न आला की अशी परीक्षा घेणार कोण, आणि गुण कशाला देणार? गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत तबल्याचा किंवा पेटीचा विद्यार्थी परीक्षकासमोर बसून वाजवतो, परीक्षक ऐकतो आणि गुण देतो. लेखी शास्त्राची परीक्षा वेगळी होते. आमच्याकडे अडचण परीक्षकांची असेल, तर ती ज्यांनी स्वतः कधी एक ओवीही जुळवलेली नाही त्या आम्हा अध्यापकांची अडचण आहे, आणि सराव आमच्यापासूनच सुरू करावा लागेल.